बेबीचं हसू

पंचफुलाने आजवर चार पिक्चरांत कामं केली होती. चारही कामं सलग जोडून दाखवली असती, तर चुलीवरच्या चहाला उकळी फुटायच्या आत संपली असती. पण आपण नटी आहोत याविषयी तिच्या मनात काडीचीही शंका नव्हती. शंका होती ती गावाविषयी. गाव आपल्याला ओळखेल का, वाहवा करेल का, आणि मुख्य म्हणजे बेबीच्या देखत करेल का, एवढ्या एका प्रश्नापायी ती कोल्हापूरहून दोन दिवस रेल्वेचे आणि एस.टी.चे धक्के खात सहा वर्षांनी आपल्या गावी, अनसिंगला आली होती.

साल शहात्तर, चैताचं ऊन. पोहरादेवीची रामनवमीची जत्रा आटोपून चांदभाईची तंबूतली टॉकीज अनसिंगच्या बाजाराच्या मैदानात येऊन उतरली होती, आणि तिच्याबरोबर पंचफुलाचा चौथा पिक्चर. त्या पिक्चरचं नाव सांगून उपयोग नाही. कोल्हापुरातच तो सात दिवसांत उतरला होता, आणि प्रिंट इतकी घासली होती की भर उन्हाळ्यात पडद्यावर रेघांचा पाऊस पडायचा. पण त्यात पंचफुला बारा सेकंद ठळक दिसायची. प्रिंट चांदभाईकडे गेल्याचं कळताच तिने त्याला कार्ड टाकलं होतं: अनसिंगला हा खेळ लावाल तेव्हा भोंग्यावरून सांगा, यात याच गावची नटी आहे. खाली सही केली ती पडद्यावरच्या नावाने. पल्लवी.

आता पल्लवी म्हणजे कोण, हे गावात एका माणसाला सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. ते एक माणूस म्हणजे तिची आई भागिरथा. पिक्चर म्हटलं की लोक आधी तोंडाला पदर लावतात आणि मग बोलायला लागतात, म्हणून भागिरथाने पोरगी कोल्हापूरला नर्सिंग शिकते असं सांगून ठेवलं होतं. पंचफुलानेही ते खोटं तसंच राहू दिलं. "मी नटी आहे" असं आपल्या तोंडाने सांगत फिरायचं, म्हणजे भीक मागितल्यासारखं. पडद्यानेच सांगावं. तंबूत गावाने तिला ओळखावं आणि ओरडावं, "अवं, हे त आपली पंची!" आणि त्या वेळी बेबी तिथे बसलेली असावी. बाकी तिला आयुष्याकडून फार काही नको होतं.

बेबी ही शेजारच्या ग्यानबाची मुलगी, पंचफुलापेक्षा एका वर्षाने मोठी. दिसायला विशेष काही नाही. नाक थोडं बसकं, दातांत फट. पण ती हसायला लागली की माणसं हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहायची. आधी ओठ घट्ट मिटायची. डावी भुवई वर चढायची. मग मान मागे टाकून हसू सोडून द्यायची, शेजारी जो कोणी असेल त्याच्या खांद्यावर एक चापट मारायची, आणि शेवटी मनगटाच्या उलट्या बाजूने डोळे पुसत म्हणायची, "हट् मेल्या!" एवढंच. पण या एवढ्याशावर पंचफुलाचं सगळं बालपण करपलं होतं.

पंचफुलाचा बाप शेषराव जलसा चालवायचा. धम्मदीक्षेनंतर वस्तीतली तरुण पोरं गोळा करून त्याने तो उभा केला होता. पोरींना स्टेजवर आणणारा या भागातला आपणच पहिला, असं तो म्हणायचा. दुसरं कोणी म्हणत नव्हतं, पण खोटंही नसावं. त्यात एक नाटुकलं होतं, पोरीला शाळेत घाला म्हणून. अडून बसलेली आई बेबी व्हायची आणि शाळेत जाऊ पाहणारी पोरगी पंचफुला. बेबीला दहा वाक्यं आणि पंचफुलाला पाटी. दर जयंतीला बेबी तीच वाक्यं वेगळी म्हणायची आणि लोक दर वर्षी नव्याने हसायचे. पाटी मात्र दर वर्षी तशीच असायची.

पंचफुला अकरा वर्षांची असताना बाप अंगणात कोणाला तरी सांगत होता, "माही पोट्टी चांगली हाये. पन बेबीची गोष्ट येगळी." दाराआडून तिने ते ऐकलं. बाप वारला त्यालाही आता सात वर्षं झाली होती, पण ते वाक्य काट्यासारखं आत मोडलं होतं ते मोडलंच होतं.

हसू पंचफुलालाही होतं, नव्हतं असं नाही. पण ती हसली की श्वास आत ओढताना नाकातून लांब शिट्टी वाजायची आणि पाठोपाठ खुर्रऽ असा आवाज यायचा. स्टेशनात गाडी शिरते तसा. पोरं तिला 'इंजन' म्हणायची. एकदा भर जलशात बेबीच्या एका वाक्यावर तिला हसू आवरलं नाही, शिट्टी वाजली, आणि सगळं मैदान बेबीला सोडून तिच्यावर हसलं. त्या दिवसानंतर पंचफुलाला तसं हसताना कोणी ऐकलं नाही. मॅट्रिकच्या वर्षी तिने आरशासमोर उभं राहून ओठ घट्ट मिटायला आणि डावी भुवई चढवायला सुरुवात केली. कोणासारखं, ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

पुढे ती औरंगाबादला कॉलेजात गेली, गॅदरिंगच्या नाटकातून कोल्हापूरला पोचली. बेबीला गावातच दिली. नवरा माणिकराव शाळेत शिपाई, पदरात दोन लेकरं, घरात सासू केशरबाई. म्हणजे एक कॅमेऱ्यापुढे आणि दुसरी चुलीपुढे. कोणीही म्हणेल, आता कशाचा जळफळाट? पण मत्सराला असलं काही समजावून सांगता येत नाही. कोल्हापुरात शूटिंग संपवून खोलीवर आली की पंचफुलाला हमखास वाटायचं, हे बेबीने केलं असतं तर कसं केलं असतं? आणि या प्रश्नाचं उत्तर तिला नेमकं ठाऊक असायचं, म्हणूनच पोटात दुखायचं.

अनसिंगच्या स्टँडवर ती गॉगल लावून उतरली. खेमाच्या चहाच्या टपरीवरून लहानपणी तिने शंभरदा खारी नेली होती. खेमाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अदबीने विचारलं, "कोनाकडं जाचं हाये बाई?"

"भागिरथाबाईंकडे," ती म्हणाली.

खेमाने तिला तिच्याच घराचा रस्ता समजावून सांगितला. याचा तिला राग यायला हवा होता. तिला गुदगुल्या झाल्या. उद्या हाच खेमा तोंडात बोट घालेल, असं मनाशी म्हणत ती कोल्हापुरात शिकलेली मोजकी पावलं टाकत निघाली.

इथे तिची चूक झाली, आणि ती अनसिंगचीच असूनही झाली. त्या गावाची माणसं ओळखायची एक रीत आहे. वावरात दोन बांधांपलीकडे कोणी दिसलं तर तोंड काही दिसत नाही. चाल दिसते, हात उडवणं दिसतं, वाऱ्यावर हसणं ऐकू येतं. लोक तेवढ्यावरून सांगतात, हा अमक्याचा जावई, ही तमक्याची सून, आणि कधी चुकत नाहीत. तोंडाकडे बघायची त्यांना सवयच नाही. चाल बदलून आलेली पंचफुला त्यांच्या लेखी एक परकी बाई होती, आणि पडद्यावर काय दिसणार होतं याचा तर तिने विचारच केला नव्हता.

संध्याकाळी चांदभाईचा टांगा भोंगा लावून गावभर फिरला. "आइये भाइयों, माताओं! आपल्या अनसिंगची नटी, पल्लवीऽऽ!" ही पल्लवी कोणाच्या घरची, यावर घराघरांत वाद झाले. अंधार पडता पडता तंबू गच्च भरला. मधोमध दोरी, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. पंचफुला आईशेजारी पोत्यावर बसली. भागिरथाची पाहुणी म्हणून बायांनी तिला सरकून जागा दिली, बस एवढंच. तिने मान उंच करून बेबीला शोधलं. बेबी आली नव्हती. तिच्या घरी त्या दिवशी कुरडया घातल्या होत्या. पंचफुलाचा निम्मा आनंद तिथेच विरला.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. शेतात निंदणाऱ्या बाया. पाटलाचा मुलगा फेटा सावरत बांधावर उभा राहून बढाया मारतो. बायांतली एक कमरेवर हात ठेवून उठते. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, डोक्यावर गंगावन, त्यात पडद्यावरचा तो पाऊस. ती ओठ घट्ट मिटते. डावी भुवई चढवते. मान मागे टाकून हसते, शेजारणीच्या खांद्यावर चापट मारते, मनगटाने डोळे पुसते आणि म्हणते, "जा की, आधी तोंड बघ आरशात!"

मग बायांची अख्खी बाजू उसळली.

"अवं माय, बेबी!"

"हे त बेबी हाये वं! माणिकरावची बेबी!"

"मागच्या दिवाळीत पंधरा दिवस आसेगावले गेलती नं मावशीकडं? थे कायची मावशी! शिनेमात गेलती!"

दोरीपलीकडून शिट्ट्या आल्या. भागिरथाने लेकीच्या कानाशी तोंड नेलं. "सांगू काय वं?"

"गप राह्य," पंचफुला म्हणाली, आणि आईचा हात तिने इतका जोरात दाबला की म्हातारी कळवळली. सहा वर्षांत तिच्या तोंडून पहिल्यांदाच वऱ्हाडी शब्द निघाला होता, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही. अंगाचा तिळपापड झाला होता. उठून ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडून सांगायचं तरी काय, तेच कळत नव्हतं.

पुढचा पिक्चर तिला दिसलाच नाही. तिला आपले जुने पिक्चर दिसू लागले. पहिल्यात ती नदीवर जाणाऱ्या बायांत होती. "तिसरी घागर, पुढं सरक," असं तिचं नाव होतं. घागरीला हात न लावता, एक हात कमरेवर आणि दुसरा मोकळा सोडून ती चालली होती आणि कॅमेरामनने मान डोलावली होती. ती चाल बेबीची. दुसऱ्यात ती नायिकेची चौथी मैत्रीण. कानात गुपित सांगण्याआधी तिने दोन्हीकडे बघून घेतलं होतं, जणू कणसं चोरायला निघाली आहे. ते बेबीचं, जलशातलं. तिसऱ्यात वाड्यावरची मोलकरीण. पाटलीणबाई रागावून पाठमोरी झाली तेव्हा तिने भुवई चढवली, आणि ती भुवई पिक्चरात ठेवली गेली म्हणून तिने सगळ्या खोलीला पेढे वाटले होते. भुवई कोणाची? आणि चौथ्यात तर काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला होता, "पुन्हा तस्सं हस. कुठं शिकलीस गं हे?" आणि तिने न लाजता सांगितलं होतं, "कुठं नाही. मी अशीच हसते." चार पिक्चरांत तिचं स्वतःचं म्हणावं असं काय होतं? तिसऱ्यातला चहा तेवढा तिने आपल्या हाताने सांडला होता.

म्हणजे गाव चुकलं नव्हतं. तिच्या रागाचं मूळ तेच होतं. गाव चुकलं असतं तर तिने त्याला माफ केलं असतं.

खेळ सुटल्यावर लोक थेट बेबीच्या दारात गेले. पंचफुला आपल्या अंगणात उभी राहून तो गलका ऐकत राहिली. बारा सेकंद तिने पडद्यावर घाम गाळला होता आणि बेबीने कुरडया घालून नाव कमावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुला दाराकडे पाठ करून भांडी घासत बसली होती. मागून आवाज आला, "पंचे! कवा आली वं?"

ती दचकून वळली. दारात बेबी उभी होती. केस विस्कटलेले, कडेवर धाकटं लेकरू. साऱ्या गावाने जिला ओळखलं नाही, तिला हिने पाठमोरी ओळखलं होतं.

"कशावरून ओळखलंस?" पंचफुलाने विचारलं. आवाजात धार होती.

"तू कवाची अशीच बसते. एक पाय कोंबडीवानी दुमडून." बेबीने लेकरू खाली ठेवलं आणि भागिरथाकडे वळली. "काकू, मले वाचवा वं. आख्खं गाव म्हनते मी शिनेमात हाये. सासू म्हनते, नटी झाली अन् सासूले पत्ता नाई! आसेगावच्या मावशीले बोलावनं धाडून राह्यली साक्षीले. आमचे हे कालपासून तोंडातून शबुद काढून नाई राह्यले. मी त थो शिनेमा पाह्यला बी नाई! कोन बाई हाये थे, मले समजत नाई."

पंचफुलाने तोंड उघडायच्या आतच भागिरथाचा धीर सुटला. "अवं थे तू नोहो. थे हे आमची पंची. नर्स-बिर्स काई नाई, शिनेमातच काम करते."

बेबी बघतच राहिली. आता ही रागावेल, असं पंचफुलाला वाटलं. रागावलेली चालली असती. बरंच वाटलं असतं. पण बेबीने ओठ घट्ट मिटले. डावी भुवई वर चढली. मान मागे गेली, हसू सुटलं, आणि पंचफुलाच्या खांद्यावर सणसणीत चापट बसली. "हट् मेल्ये! नटी झाली अन् मले सांगतलं नाई!"

सहा वर्षांनी पंचफुला ते पुन्हा जवळून बघत होती. आरशापुढे, कॅमेऱ्यापुढे हजारदा केलेलं. मनगटाने डोळे पुसताना बेबीचे डोळे खरंच ओले झाले होते. पंचफुलाचे डोळे पडद्यावर कोरडे होते. मनगट मात्र तिने बरोबर फिरवलं होतं.

"मंग लोक मले काहून म्हनून राह्यले?" बेबीने विचारलं.

पंचफुलाने राखेत हात घातला. "लोकांना काय समजतं," ती म्हणाली.

"आज चाल माह्यासंग. मी सांगतो साऱ्याईले. तू एवढं मोठं काम केलं अन् नाव माह्यं, असं कसं?"

ही भलाईसुद्धा पंचफुलाला सोसवली नाही. हिला हेवा का वाटत नाही? हेवा वाटला असता तर दोघी सारख्या तरी झाल्या असत्या. तरी ती गेली. गाव आपल्याला ओळखेल ही आशा इतकी चिवट होती की ती बेबीच्या हातूनही घ्यायला तयार झाली.

त्या संध्याकाळी तंबूत कालच्यापेक्षा जास्त गर्दी होती. आज खरी नटी बघायला येणार, ही बातमी पसरली होती. नटी म्हणजे अर्थात बेबी. केशरबाई सुनेच्या पाठीमागेच पहारा द्यायला बसली होती. पंचफुलाने मुद्दाम गॉगल घरी ठेवला होता. तरी एका बाईने विचारलंच, "बेबे, हे पाव्हनी कोन?" बेबीने तिला हाताने थांबवलं. "दम धर. सांगतो."

प्रसंग आला. बांध, फेटा, बढाया. नऊवारीतली बाई उठली.

"पाय, बेबे, पाय! आली तू!"

बेबी तोंड उघडं टाकून बघत होती. "अवं माय," ती हळूच म्हणाली, "मी अशी हासतो?" आणि लगेच, आनंदाने, "मस्तच हासतो वं मी!"

पंचफुलाच्या आत काहीतरी चर्रकन जळलं. आणि त्याच क्षणी बेबीला आपलं वचन आठवलं. ती ताडकन उभी राहिली, लोकांकडे वळली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "थे मी नोहो! ऐका नं! थे मी नोहो, थे आपली पंची हाये!"

मागून येणारा मशिनचा झोत सरळ तिच्या अंगावर पडला. पडद्यावर तिची भलीमोठी सावली उमटली, बरोबर पंचफुलाच्या तोंडावर. पंचफुलाची भुवई गेली, मान गेली, हसू गेलं. पाटलाच्या पोराच्या फेट्याचा तुरा तेवढा एका कोपऱ्यात हलत राहिला, आणि बाकीच्या पडद्यावर बेबी हात उडवत होती.

"खाली बस बे!" पुरुषांकडून आरडाओरडा झाला. "शिनेमा पाहू दे!"

"आधी ऐका! थे पंची हाये!" सावली दुप्पट जोराने हात उडवू लागली.

पंचफुला बघत राहिली. दोन दिवसांचा प्रवास. चार पिक्चर. बारा सेकंद. आणि तिचं नाव गावाला कळावं म्हणून बेबीने तिला पडद्यावरून साफ पुसून टाकलं होतं. संतापाने तिचा श्वास अडकला. तो अडकलेला श्वास बाहेर पडेना, मग तिने तो आत ओढला, आणि नाकातून एक लांब, तीक्ष्ण शिट्टी वाजली. पाठोपाठ खुर्रऽ. तिने तोंडावर पदर दाबला. उपयोग झाला नाही. पोट धरून, डोळ्यांतून पाणी गाळत, ती हसत सुटली. शिट्टीमागून शिट्टी.

चांदभाईला वाटलं, मशिनमध्ये काहीतरी अडकलं. त्याने घाबरून मशिन बंद केलं आणि दिवा लावला.

मशिनची घरघर थांबली. नुसती शिट्टी वाजत होती. मग दोरीपलीकडून खेमाचा आवाज आला, "अबे, इंजन!"

"इंजन? शेषरावची पंची?"

"अवं हाव! थेच हाये! कवा आली वं पंचे?"

"म्हंजे कालची पाव्हनी तूच? अन् आमी जागा देऊन राह्यलो परकी म्हनून!"

चारी बाजूंनी बाया तिच्याकडे वळल्या. कोणी तिची हनुवटी धरली, कोणी पाठीत धपाटा घातला. बेबी अजून उभीच होती. "थेच त सांगून राह्यलो मी मघापासून! शिनेमात हे हाये!"

लोकांनी चांदभाईला रीळ मागे घ्यायला लावलं. त्याने बिडी ओढत ते हाताने गुंडाळलं आणि तो प्रसंग पुन्हा लावला. या वेळी कोणी ओरडलं नाही. लोकांनी पडद्याकडे बघितलं, मग पंचफुलाकडे, मग बेबीकडे, आणि पुन्हा पडद्याकडे. निकाल दिला तो केशरबाईने. म्हातारीचा सुनेवरचा राग उतरला होता, पण हक्क उतरला नव्हता.

"तोंड पंचीचं हाये, मानलं," ती म्हणाली. "पन हासनं आमच्या सुनेचं हाये. थे कोनी बी सांगन."

सगळ्या बाया पंचफुलाच्या तोंडाकडे बघू लागल्या. भागिरथा भांडायच्या तयारीने सरसावली. दिग्दर्शकाला दिलेलं उत्तर पंचफुलाच्या ओठांवर तयार होतं. मी अशीच हसते. पण आत्ताच तंबूभर वाजलेल्या शिट्टीनंतर ते कोणत्या तोंडाने म्हणणार?

"हाव मावशी," ती म्हणाली. "बेबीचंच हाये. मी चोरलं. चाल बी तिचीच, भुवई बी तिचीच. लहानपनापासून जळतो मी तिच्यावर."

एवढं साऱ्या गावासमोर बोलून गेल्यावर तिचे कान तापले. बेबी मात्र तिच्याकडे नवलाने बघत होती.

"माह्यावर? कायले वं?" बेबी म्हणाली. "हासूच नं? घेऊन जा की. मले काय, अजून येईन."

आणि तिला खरंच आलं. ओठ मिटले, भुवई चढली, मान मागे गेली.

पंचफुलाच्या पोटात पुन्हा तेच दुखलं, अगदी तिथेच, अकराव्या वर्षापासून दुखत होतं तिथे. इतकं सहज देऊन टाकते, म्हणजे हिच्याजवळ किती असेल! एरवी तिने टक लावून बघितलं असतं, भुवई केव्हा चढते, मनगट कुठून वळतं. त्या संध्याकाळी तिला ते बघता आलं नाही. डोळे पाण्याने भरले होते, नाकातली शिट्टी थांबत नव्हती, आणि पलीकडून खेमा ओरडून सांगत होता, "सरका बे, जागा द्या! शेषरावची गाडी आली!"